नागपूरचा एक मेगावॅट: आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी आणि मीडियम वेव्हचे भवितव्य

डिसेंबर २०१८च्या अखेरच्या आठवड्यात प्रसार भारतीने आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा आदेश काढला आणि जानेवारी २०१९च्या पहिल्या आठवड्यात ती बातमी वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत पोहोचली. त्याच आदेशान्वये अहमदाबाद, हैदराबाद, लखनौ, शिलाँग आणि तिरुवनंतपुरम येथील आकाशवाणीच्या प्रशिक्षण अकादम्याही बंद करण्यात आल्या. खर्चात कपात आणि सेवांची फेररचना असे कारण देण्यात आले. वाहिनीच्या संग्रहातील कार्यक्रमांचे डिजिटल जतन व्हावे आणि कर्मचाऱ्यांना इतरत्र सामावून घ्यावे, अशी तरतूद आदेशात होती. सुमारे तीन दशके चाललेल्या एका सेवेचा शेवट असा एका प्रशासकीय कागदावर झाला.

या आदेशाची चर्चा तेव्हा मुख्यतः निवेदक, नैमित्तिक कर्मचारी आणि जुने श्रोते यांच्या अंगाने झाली आणि ती होणे रास्तच होते. मात्र या प्रकरणाची दुसरी बाजू महाराष्ट्रात, नागपुरात होती आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. राष्ट्रीय वाहिनीचे कार्यक्रम दिल्लीहून येत असले, तरी तिची खरी ताकद नागपूरच्या एक मेगावॅट क्षमतेच्या मीडियम वेव्ह ट्रान्समीटरमध्ये होती. १५६६ किलोहर्ट्झवर चालणारा हा ट्रान्समीटर एका वाहिनीसाठी उभारला गेला आणि त्या वाहिनीच्या नावाशी इतका जोडला गेला, की वाहिनी बंद करताना या पोहोचेचा दुसरा उपयोग काय होऊ शकेल, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आलाच नाही. एएम रेडिओपुढे, म्हणजे मीडियम वेव्हवर वापरल्या जाणाऱ्या जुन्या प्रक्षेपण पद्धतीपुढे, आज जे पेच उभे आहेत, ते जवळजवळ सगळे या एका प्रकरणात सापडतात, म्हणून ते बारकाईने पाहण्यासारखे आहे.

नागपूरची निवड कशासाठी

१९८०च्या दशकाच्या अखेरीस ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिची वेळ सायंकाळी ६ वाजून ५० मिनिटांपासून सकाळी ६ वाजून १० मिनिटांपर्यंत अशी ठेवण्यात आली होती. दिवसभर बंद आणि रात्रभर चालू, ही रचना वरवर विचित्र वाटते, पण तिच्यामागे मीडियम वेव्हचा मूळ स्वभाव आहे. दिवसा या लहरी जमिनीच्या पृष्ठालगत प्रवास करतात. वातावरणाच्या वरच्या भागात, आयनांबरात, सूर्यप्रकाशामुळे तयार होणारा सर्वांत खालचा थर त्यांची आकाशाकडे जाणारी ऊर्जा शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि त्याच लहरी अधिक उंचीवरील थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर उतरतात. त्यामुळे दिवसा एखाद्या विभागापुरते ऐकू येणारे केंद्र रात्री निम्म्या देशात लागते.

१५६६ किलोहर्ट्झ ही कंपनसंख्या मीडियम वेव्ह पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळची आहे. वरच्या टोकाला जमिनीलगतच्या लहरी लवकर क्षीण होतात, म्हणून दिवसाच्या प्रक्षेपणासाठी ती फारशी सोयीची नाही. रात्रीच्या आकाशलहरींसाठी मात्र ती उत्तम चालते. आता नागपूर नकाशावर पाहावे. सरळ रेषेत मोजले तर मुंबई सुमारे ७०० किलोमीटर, दिल्ली ८५० किलोमीटर, चेन्नई ९०० किलोमीटर, कोलकाता थोडे कमी हजार किलोमीटर, आणि श्रीनगर व कन्याकुमारी ही दोन टोके दीड हजार किलोमीटरच्या आसपास. एकाच ठिकाणाहून रात्री देश व्यापायचा असेल, तर शून्य मैलाचा दगड जिथे आहे त्या शहराइतकी योग्य जागा दुसरी नव्हती. दिल्लीचा आणि कोलकात्याजवळचा ट्रान्समीटर जोडीला होते, पण मुख्य भार नागपूरवर होता. मिळून देशाच्या सुमारे तीन चतुर्थांश लोकसंख्येपर्यंत ही सेवा पोहोचते असा आकाशवाणीचा हिशेब होता. ज्यांनी ही आखणी केली त्या अभियंत्यांविषयी मला आदर वाटतो, कारण निसर्गाने दिलेला एक गुणधर्म, देशाचा भूगोल आणि उपलब्ध यंत्रसामग्री यांची इतकी नेमकी सांगड आपल्या सार्वजनिक योजनांत क्वचितच पाहायला मिळते.

ज्यांनी ही वाहिनी रात्री ऐकली असेल, त्यांना तिचा आवाज आठवत असेल. संच टेबलावर ठेवून तो थोडा थोडा फिरवावा लागे, कारण आत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार हाच मीडियम वेव्हचा अँटेना असतो आणि त्या कांडीचे टोक स्टेशनच्या दिशेला आले की आवाज पडतो, ती आडवी झाली की भरतो. सुई बरोबर जागी असली तरी आवाज काही क्षण स्पष्ट येई, मग हळूहळू खोल जाई आणि पुन्हा वर येई. आयनांबराच्या हालचालीमुळे होणारा हा चढउतार सवयीच्या श्रोत्याला खटकत नसे. एफएमच्या स्वच्छ आवाजात वाढलेल्या पिढीला मात्र तो दोषच वाटला आणि त्यात त्या पिढीची काही चूक नाही.

खर्चाची बाजू

वाहिनी बंद करणाऱ्यांची बाजू कमकुवत नव्हती आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एक मेगावॅटचा ट्रान्समीटर पूर्ण शक्तीने चालला, तर केवळ अँटेनाकडे जाणाऱ्या ऊर्जेसाठीच तासाला १००० युनिट वीज लागते. व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या इलेक्ट्रॉन नलिकांमध्ये, उष्णतेच्या रूपाने होणारा ऱ्हास आणि ती उष्णता काढून टाकणारी शीतन यंत्रणा यांचा खर्च त्यावर वेगळा. ११ तास २० मिनिटांच्या एका रात्रीचा हिशेब ११ हजार युनिटांच्या बराच पुढे जातो. त्यातही एएम पद्धतीचा एक मूलभूत दोष असा, की तिची बहुतांश शक्ती वाहक लहरीत खर्च होते आणि त्या लहरीत स्वतःची अशी कोणतीच माहिती नसते. आवाज कमालीचा भरलेला असतानाही एकूण शक्तीचा दोनतृतीयांश भाग वाहक लहरच घेते. निवेदक श्वास घेण्यासाठी थांबला, दोन गाण्यांच्या मध्ये शांतता पसरली, तरी मीटर जवळजवळ तितक्याच वेगाने फिरत राहतो.

यंत्रेही जुनी झाली होती. उच्च शक्तीचे व्हॉल्व्ह दुर्मीळ आणि महाग होत गेले, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि अशी यंत्रे हाताने सांभाळलेली अभियंत्यांची पिढी निवृत्त होत असताना नवी भरती वर्षानुवर्षे रखडली. ट्रान्समीटर कमी शक्तीवर चालवला की पोहोच घटते, पोहोच घटली की श्रोते घटतात, आणि श्रोते घटले की देखभालीचा खर्च अनावश्यक ठरतो. या उतरणीवर एकदा पाऊल पडले, की बंद करण्याचा निर्णय वेगळा घ्यावाच लागत नाही. तो आकडेवारीतून आपोआप बाहेर येतो.

जागेचा प्रश्न वेगळाच. मीडियम वेव्हचा मनोरा हा स्वतःच अँटेना असतो आणि त्याची उंची साधारणपणे लहरलांबीच्या चतुर्थांशाइतकी असावी लागते. मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झसाठी ती सुमारे १३४ मीटर भरते. मनोऱ्याभोवती जमिनीखाली तांब्याच्या तारा किरणांसारख्या पसरलेल्या असतात, त्यामुळे आजूबाजूची कित्येक एकर जमीन मोकळी ठेवावी लागते. मालाडसारख्या ठिकाणी अशा जमिनीची आजची किंमत मनात आणली, म्हणजे मीडियम वेव्हचा खरा प्रतिस्पर्धी एफएम आहे की बांधकाम व्यवसाय, असा प्रश्न पडतो.

कार्यक्रमांबाबतही बोलले पाहिजे. विविध भाषांतील श्रोत्यांना एकत्र आणणारी, रात्री ठरावीक वेळाने बातम्या देणारी, शास्त्रीय संगीत, उर्दू कार्यक्रम आणि चर्चा यांना जागा देणारी ही वाहिनी तिच्या आरंभीच्या काळात महत्त्वाची होती. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, मोबाइल आले, आणि रात्री अकरानंतर रेडिओ लावण्याची सवयच घराघरांतून गेली. वाहिनी म्हणून तिचा काळ संपला होता असे कोणी म्हटले, तर मी फार वाद घालणार नाही.

जे ठरवले गेले आणि जे राहून गेले

माझा आक्षेप वेगळा आहे. राष्ट्रीय वाहिनी म्हणजे कार्यक्रमांचा एक संच होता आणि नागपूरचा ट्रान्समीटर म्हणजे देशाच्या मध्यातून रात्री कुठेही पोहोचण्याची क्षमता होती. या दोन गोष्टींचे मूल्य वेगवेगळ्या मापाने ठरायला हवे. कार्यक्रमांचे मूल्य रोजच्या श्रोत्यांवरून ठरवता येते. पोहोचण्याच्या क्षमतेचे मूल्य रोजच्या दिवसावरून ठरत नाही. ते वादळाच्या, महापुराच्या किंवा वीज गेल्याच्या रात्री ठरते, आणि अशा रात्रींची नोंद कोणत्याही श्रोतृसंशोधनात होत नाही. खर्चाच्या तक्त्यात मात्र दोन्ही एकाच ओळीत आले आणि एकाच ओळीने गेले.

हा आक्षेप भावनेपोटी घेतलेला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागातील वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली आणि अनेक गावांत ती पूर्ववत व्हायला कित्येक दिवस लागले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हाही संपर्काची साधने सर्वांत आधी निकामी झाली. अशा वेळी दोन सेलवर चालणारा संच आणि दूरवरच्या, पूर न आलेल्या ठिकाणी उभा असलेला ट्रान्समीटर ही जोडी इतर कोणत्याही साधनापेक्षा टिकाऊ ठरते. मोबाइल मनोरा आपत्तीच्या क्षेत्रातच उभा असतो, मीडियम वेव्हचा मनोरा तिच्याबाहेर असू शकतो, हा साधा फरक आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर गेल्यावर मोबाइलची रेंज संपते, त्यापुढच्या मच्छीमारांच्या बाबतीत तर हा फरक अधिकच महत्त्वाचा आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून मीडियम वेव्ह जमिनीपेक्षा कितीतरी दूर जाते, त्यामुळे रत्नागिरीच्या ११४३ किलोहर्ट्झसारख्या केंद्राची समुद्राकडची पोहोच ही त्याच्या घाटाकडच्या पोहोचेपेक्षा स्वाभाविकच चांगली.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. खासगी रेडिओला भारतात एफएमपुरतीच परवानगी आहे आणि त्या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रेच सहक्षेपित करता येतात. म्हणजे रेडिओवरील बातमी ही प्रत्यक्षात आकाशवाणीची जबाबदारी आहे, आणि जिथे आकाशवाणीचे एफएम पोहोचत नाही तिथे ती जबाबदारी मीडियम वेव्हवर येते.

डिजिटलचा मार्ग

मीडियम वेव्हचे भवितव्य जपण्याचा प्रयत्न झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आकाशवाणीने डीआरएम ही डिजिटल पद्धत निवडली, २००९मध्ये शॉर्ट वेव्हवर तिचे प्रसारण सुरू केले आणि पुढच्या दशकात देशभर ३५ मीडियम वेव्ह डीआरएम ट्रान्समीटर बसवले. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे काम दुसऱ्या कोणत्याही देशाने केलेले नाही. डीआरएममध्ये वीज बरीच वाचते, एफएमच्या तोडीचा आवाज मिळतो, एकाच कंपनसंख्येवर दोन-तीन कार्यक्रम देता येतात, आणि आपत्तीच्या वेळी संचाला आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर नेण्याची सोयही तिच्यात आहे. एएमच्या बहुतेक दुखण्यांवरचे औषध अभियांत्रिकीच्या दृष्टीने तयार होते.

अडले ते श्रोत्याच्या टोकाला. डीआरएम ऐकण्यासाठी वेगळा संच लागतो आणि तो बाजारात साध्या ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट किमतीला, तोही शोधूनच, मिळत असे. जुन्या संचावर शुद्ध डीआरएम लावले तर केवळ एकसुरी घोंघाट ऐकू येतो. म्हणून आकाशवाणीला बराच काळ जुने आणि नवे प्रक्षेपण एकत्र चालवावे लागले. तसे केले की विजेची बचत मोठ्या प्रमाणात हातची जाते, आणि डिजिटलचे मुख्य समर्थनच लंगडे पडते. संच नाहीत म्हणून शुद्ध डिजिटल सुरू होत नाही आणि शुद्ध डिजिटल नाही म्हणून संच बनवायला कंपन्या पुढे येत नाहीत. सार्वजनिक पैसा ट्रान्समीटरवर खर्च झाला, पण स्वस्त संच बाजारात यावा यासाठी तेवढ्याच ताकदीची योजना आखली गेली नाही. ही या साऱ्या व्यवहारातील सर्वांत महाग चूक आहे असे माझे मत आहे.

संच वाढले ते मोटारींत. २०१७च्या सुमारापासून काही कंपन्यांनी आपल्या मोटारींत डीआरएम संच बसवून द्यायला सुरुवात केली आणि आज अशा मोटारी लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आहेत. पण मोटारीतील माणसाच्या हाती आधीच मोबाइल असतो. ज्या कातकरी पाड्यावर किंवा ज्या होडीवर मीडियम वेव्हची गरज सर्वांत जास्त, तिथे हा संच पोहोचलेला नाही.

मोटारींविषयी बोलताना अमेरिकेतील घडामोड दुर्लक्षून चालणार नाही, कारण तिथे हाच वाद उघडपणे लढला गेला. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील इन्व्हर्टर एएम पट्ट्यात मोठी खरखर निर्माण करतात, म्हणून अनेक कंपन्यांनी अशा मोटारींतून एएम काढून टाकले. फोर्डने २०२३मध्ये आपल्या बहुतेक नव्या मोटारींतूनच ते वगळण्याचे ठरवले, आणि विरोध झाल्यावर त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो निर्णय मागे घेतला. त्याच महिन्यात प्रत्येक मोटारीत एएम संच सक्तीचा करणारे विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने मांडले गेले. या वादात निर्णायक मुद्दा ठरला तो ७७ निवडक रेडिओ केंद्रांचा, ज्यांतील बरीचशी एएम आहेत. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने त्यांना जनरेटर, इंधन आणि सुरक्षित स्टुडिओ देऊन आणीबाणीसाठी सज्ज ठेवले आहे आणि त्यांची मिळून पोहोच देशाच्या सुमारे ९० टक्के लोकसंख्येपर्यंत आहे. एखाद्या केंद्राचे रोजचे कार्यक्रम किती लोक ऐकतात, हा प्रश्न तिथे आपत्तीच्या कर्तव्यापासून वेगळा ठेवला गेला. नागपूरच्या बाबतीत नेमके तेच झाले नाही.

युरोपने उलट दिशा धरली. फ्रान्स आणि जर्मनीच्या सार्वजनिक प्रसारकांनी २०१५च्या अखेरीस मीडियम वेव्ह सोडली. मात्र त्या देशांत दाट एफएम जाळे आधीपासून उभे होते. तो दाखला इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

एफएमचे गणित

आपल्याकडे मीडियम वेव्हला पर्याय म्हणून एफएमचा विस्तार चालू आहे आणि तो आवश्यकही आहे. जानेवारी २०२३मध्ये केंद्र सरकारने प्रसारण पायाभूत सुविधांच्या योजनेसाठी २,५३९.६१ कोटी रुपये मंजूर केले. आकाशवाणीच्या एफएमची पोहोच भौगोलिक क्षेत्राच्या ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर आणि लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची, हे तिचे उद्दिष्ट. त्याच वर्षी एप्रिलमध्ये १०० वॅटच्या ९१ एफएम ट्रान्समीटरचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. त्यांतील सगळ्यांची शक्ती मिळवली तरी ती नऊ किलोवॅटच्या थोडी पुढे जाते.

हे आकडे आकाशवाणीच्याच दुसऱ्या आकड्यांशेजारी ठेवावेत. सर्व प्रकारची प्रक्षेपणे मिळून देशाचे सुमारे ९२ टक्के क्षेत्र आणि ९९ टक्के लोकसंख्या आपल्या कक्षेत येते, असे आकाशवाणी अनेक वर्षे सांगत आली आहे. एफएमचे उद्दिष्ट पूर्ण झाले तरी ६६ आणि ९२ यांमध्ये २६ टक्के क्षेत्र उरते. ते क्षेत्र आज प्रामुख्याने मीडियम वेव्हच्याच भरवशावर आहे. एफएमच्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या रेषेत जातात, डोंगराआड पोहोचत नाहीत. सह्याद्रीच्या खोऱ्यांत, मेळघाटात, भामरागडच्या जंगलात प्रत्येक वळणाआड स्वतंत्र ट्रान्समीटर, त्याची वीज, त्याची देखभाल आणि त्याचा रखवालदार उभा करणे हे कागदावर जितके सोपे दिसते तितके नाही.

मोबाइल ॲपचा पर्यायही पुढे केला जातो. आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक सेवा आज ॲपवर ऐकता येतात आणि परदेशातील मराठी माणसाला पुणे किंवा सांगली केंद्र घरबसल्या लागते, ही मोठीच सोय आहे. पण तो जाळ्यावर अवलंबून असलेला रेडिओ आहे. मोबाइलमधील एफएम सुविधा बंद ठेवू नये, अशी सूचना सरकारला २०२३मध्ये उत्पादकांना करावी लागली, यावरून हातातल्या यंत्रातील साधा रेडिओही किती सहज नाहीसा होतो हे दिसते. मीडियम वेव्हला तर मोबाइलमध्ये जागाच नाही, कारण फेराइटची कांडी त्यात मावत नाही आणि फोनचा स्वतःचा विद्युत गोंगाट या पट्ट्यात फार आहे. घरातले एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर हेही तोच गोंगाट करतात, त्यामुळे शहरातील घरात आज चांगला संच असूनही पूर्वी सहज लागणारी केंद्रे लागत नाहीत.

म्हणून प्रत्येक जुना मीडियम वेव्ह ट्रान्समीटर टिकवावा असा आग्रह मी धरणार नाही. शहरांतील कमी शक्तीची, एफएमने पूर्णपणे झाकलेल्या भागातील केंद्रे बंद झाली तर फारसे बिघडत नाही. पण मोठ्या शक्तीचे निवडक ट्रान्समीटर, विशेषतः किनाऱ्यालगतचे आणि देशाच्या मध्यभागातील, प्रसार भारतीच्या खर्चातून काढून आपत्ती व्यवस्थापनाच्या खात्यावर टाकले पाहिजेत. नेहमीच्या दिवशी ते शेजारच्या केंद्राचे कार्यक्रम कमी शक्तीने सहक्षेपित करतील आणि इशाऱ्याच्या काळात पूर्ण शक्तीवर जातील. त्याच खात्यातून मच्छीमार संस्थांना, आश्रमशाळांना आणि ग्रामपंचायतींना हाताने किंवा सौरऊर्जेवर चार्ज होणारे संच द्यावेत, आणि दर पावसाळ्याआधी एका ठरलेल्या रात्री चाचणी प्रक्षेपण करून ते कुठे, कसे ऐकू आले याचे अहवाल त्यांच्याकडूनच मागवावेत. हे संच डीआरएमचे असावेत की जुन्या पद्धतीचे, हे किमतीवर ठरवता येईल. मात्र कोणताही मनोरा उतरवण्याचा आदेश निघण्यापूर्वी अशा निदान एका रात्रीचा अहवाल त्या फाइलमध्ये लागलेला असला पाहिजे.